स्वतःच्याच अर्जावर हरकत

चिमाबाई ओव्हाळांच्या मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला तो उंबरामुळे, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. दुमत होतं ते उंबर नक्की कुणाचा, यावर. फळं सडून माश्या घोंगावायला लागल्या की तो समोरच्याचा, आणि उन्हाळ्यात गाडी लावायला सावली हवी असली की आपला. बांधावरच्या झाडाचं हे असंच असतं.

उंबर उभा होता चिमाबाईंच्या घराची मागची भिंत आणि कुलदीपचं अंगण यांच्या मधोमध. कुलदीप म्हणजे चऱ्होलीच्या जुन्या शेतकरी घराण्यातला. त्याचे वडील आबाजी असेपर्यंत तिथं ज्वारी व्हायची. आता कुलदीप प्लॉटिंग करायचा, पांढरी गाडी फिरवायचा आणि लोक त्याला शेठ म्हणायचे. त्याची आई शालनबाई मात्र अजून दर गुरुवारी उंबराला पाणी घालायची, बुंध्यातल्या कोनाड्यात दिवा लावायची आणि प्रदक्षिणा मारताना गुडघ्याला शिव्या द्यायची.

चिमाबाईंनी हा प्लॉट घेतला तेव्हा पिंपळे गुरवच्या भाड्याच्या खोलीतले शेजारी हसले होते. चऱ्होलीला कोण राहायला जातं, म्हणाले. पण नवरा धोंडीबा हट्टाला पेटला होता, आणि चिमाबाई त्याच्यापेक्षा जास्त. भोसरीच्या एका वर्कशॉपात प्रेस मशीनवर काम करताना त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं पेर गेलं होतं. त्याची जी भरपाई मिळाली ती या घराच्या पायाभरणीत गेली. धोंडीबा थट्टेनं म्हणायचा, आपलं घर एका बोटावर उभं आहे. तो गेला, बोटही गेलं, घर राहिलं. म्हणून भिंतीला तडा गेला तेव्हा चिमाबाईंना तो आपल्याच अंगाला गेल्यासारखा वाटला.

मुलगा बुद्धरत्न चाकणच्या कंपनीत शिफ्टला जायचा, सून मिनल चिंचवडला एका ऑफिसात. दोघं रविवारी तडा बघायचे, त्यात सिमेंट भरायचे, आणि पुढच्या रविवारी तडा पुन्हा सिमेंटच्या शेजारून डोकवायचा. मुळं टाकीच्या पाण्याच्या वासानं आत शिरत होती. त्यांना कोण सांगणार, की ही खोली म्हातारीच्या झोपायची आहे?

अशात एके दिवशी कुलदीप स्वतःहून घरी आला. हे नवलच होतं. आला तो थेट मागच्या खोलीत गेला, तडा बघितला, च्‌च्‌ केलं.

"आजी, हे डेंजर आहे हां. उद्या भिंत अंगावर आली म्हणजे? तुम्ही महापालिकेत अर्ज टाका. झाड धोकादायक म्हणून. उद्यान विभागाचे लोक येतात, बघतात, परवानगी देतात. मी सगळं टाइप करून आणलंय. तुम्ही फक्त सही करा."

"तुमच्या आईला चालंल?" चिमाबाईंनी विचारलं. "देवाचं झाड हाय ना त्यांच्या."

"आईचं मी बघतो. आता तुम्हाला खरं सांगू का आजी? आमच्यातले लोक अजून अडाणी. उंबर म्हटलं की हात जोडतात. तुमचं बरं आहे. तुम्ही शिकली-सवरलेली माणसं. तुम्ही असलं काही मानतच नाही."

आता इथं चिमाबाई चुकल्या. त्यांच्या जागी कुणीही चुकलं असतं, पण अशी चूक त्यांच्यासारख्यांनीच करावी. बैठकीत बावीस प्रतिज्ञांची फ्रेम, शेजारी धोंडीबाचा फोटो, आणि पन्नाशी उलटल्यावर विहारातल्या वर्गात बसून शिकलेली अक्षरं. आपण कुठल्या झाडाला, दगडाला भीत नाही, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो अभिमान योग्य होता. कुलदीपनं नेमका तिथंच हात घातला. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच.

"न्हाईच मानत," चिमाबाई ताठ होऊन म्हणाल्या. "आण पेन."

अर्धं बोट असलेल्या हातानं त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. कुलदीप अर्ज घेऊन इतक्या लगबगीनं गेला की पेन तिथंच राहिलं. निळं पेन, त्यावर त्याच्या प्लॉटिंगचं नाव छापलेलं. चिमाबाईंनी ते फोटोच्या मागं ठेवून दिलं.

मग उंबराच्या खोडावर नोटीस लागली. कायद्याची रीतच तशी आहे. झाड तोडायचं तर आधी झाडावरच कागद लावतात, कुणाची हरकत असेल तर आठवड्याच्या आत लेखी कळवा म्हणतात. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून सुतळीनं बांधला होता. वर ठळक अक्षरांत झाडाचं नाव, आणि त्याखाली अर्जदाराचं: श्रीमती चिमाबाई धोंडीबा ओव्हाळ.

नेमका गुरुवार होता. शालनबाई तांब्या घेऊन आल्या, त्यांच्याबरोबर गल्लीतल्या गोजाबाई आणि आणखी दोघीतिघी. एकीनं नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली. चिमाबाई मागच्या खोलीत गोधडी घालत होत्या. भिंतीला तडा असण्याचा एक फायदा असा, की पलीकडचं सगळं ऐकू येतं.

"चिमाबाईनं अर्ज दिलाय?" शालनबाईंचा आवाज चिरकला. "अगं, माझ्याकडं येऊन सांगायचं तरी! इतक्या वर्साची शेजारीण!"

"त्यांना काय त्याचं?" गोजाबाई म्हणाल्या. "त्यांना कुठं देव हाय."

आणि मग कुलदीपचा आवाज आला. अगदी दुःखी, समजूतदार, पोरकं लेकरू बोलावं तसा.

"आई, मी तरी काय करू? कायदा त्यांच्या बाजूनं आहे. मी समजावून बघितलं. पण ते लोक मानत न्हाईत. उद्या झाड गेलं आणि गावात काय बरंवाईट झालं, तर ते त्यांच्यावर. आपला हात न्हाई त्यात."

चिमाबाई गोधडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. हे शब्द त्यांनी आधी ऐकले होते. अगदी असेच, अशाच आवाजात.

त्यांचं माहेर शिरूरकडचं. लहान होत्या तेव्हा गावच्या विहिरीच्या काठावर असाच उंबर होता. त्याच्या मुळांनी विहिरीचं बांधकाम फोडायला घेतलं. पाटलाला झाड नको होतं, पण गावात कुऱ्हाड लावायला कुणी तयार होईना. मग वस्तीवर सांगावा आला, भिमाजीला बोलवा. भिमाजी म्हणजे चिमाबाईंचा बाप. नुकतीच दीक्षा घेतलेला, छाती काढून चालणारा माणूस. पाटील म्हणाला, तुमाला काय, तुमी आता मानत न्हाई. भिमाजीला ते शब्द गोड लागले. त्यानं पाटलाचीच कुऱ्हाड घेतली आणि दिवसभर घाम गाळून झाड आडवं केलं. पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली. ती दर उन्हाळ्यात आटायची. पण त्या साली गाव म्हणालं, भिमाजीनं उंबर तोडला म्हणून आटली. सगळ्यांत मोठ्यानं पाटील म्हणाला. भिमाजीला कुणी कामावर घेईना, आणि एका सकाळी तो बायकापोरांना घेऊन गावातून निघाला तो पुन्हा परतला नाही.

कुऱ्हाड पाटलाची, विहीर पाटलाची, आणि पाप मात्र भिमाजीचं. चिमाबाईंना आता आठवत होतं ते बापाचं चालणं. पुढं पुढं जाणारा, मागं वळून न बघणारा बाप. त्याच्या हातात कुऱ्हाड दिली होती. आपल्या हातात पेन दिलं. एवढाच काय तो फरक, आणि आपण शिकलो म्हणून मिरवत होतो! चिमाबाईंना स्वतःचा संताप आला, आणि मग त्याहून मोठा कुलदीपचा.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी मुलाला सांगून टाकलं. "मी अर्ज मागं घेणार."

बुद्धरत्नचा घास हातातच राहिला. "आई, काय बोलतेस? झाड जातंय तर जाऊ दे ना. भिंत वाचतेय. कुलदीपला पण हवंय, आपल्याला पण हवंय. भांडण कुठं आहे?"

"त्याला का हवंय?"

"मागच्या प्लॉटला रस्ता काढायचाय त्याला. डंपर वळत नाही उंबरामुळं. सगळ्यांना माहितीये." तो थोडा ओशाळला. "त्यानं आधी लाकूड तोडणारे बोलावले होते म्हणे. उंबर आहे म्हटल्यावर ते गेले. आणि शालनकाकूंनी त्याला झाड न तोडायची शपथ घातलेली."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुला भिंत हवी होती, आई!"

"भिंत अजून हवी हाय," चिमाबाई म्हणाल्या. "पण माझं नाव पुढं करून न्हाई. ज्याला झाड नको त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं, नको. लोकांच्या देखत म्हणावं. मग पाडू दे. मी एक शबूद काढणार न्हाई. त्याचा देव, त्याचं झाड, त्याचा रस्ता. आणि बोट का म्हणून माझं?"

मिनल म्हणाली, "आई, नुसता अर्ज मागं घेतला तर ते म्हणतील, घाबरल्या. देवाला घाबरून माघार घेतली. त्यापेक्षा हरकत घ्या. नोटिशीत लिहिलंय, कुणीही घेऊ शकतं. हरकत आली की ते जागेवर येऊन चौकशी करतात."

चिमाबाईंनी सुनेकडं बघितलं. ही पोरगी ऑफिसात नुसती खुर्ची गरम करत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मिनलनं अर्धी सुट्टी टाकली आणि दोघी उद्यान विभागाच्या कार्यालयात गेल्या. तिथं दिव्या नावाची तरुण निरीक्षक होती. तिनं कागद वाचला, पुन्हा वाचला, मग फाईल उघडून अर्ज काढला.

"आजी, झाड तोडा म्हणून अर्ज तुमचाच आहे."

"व्हय."

"आणि झाड तोडू नका म्हणून हरकतही तुमचीच?"

"व्हय."

"असं कसं चालेल? कुणी दबाव आणलाय का तुमच्यावर?"

"आणला व्हता, सही करायच्या आधी. तवा मला कळला न्हाई," चिमाबाई म्हणाल्या. "आता कुणाचा न्हाई. तुमी जागेवर या, बाई. कुलदीपला बोलवा, त्याच्या आईला बोलवा. समद्यांच्या म्होरं इचारा, झाड कुणाचं आणि नको कुणाला. मला एवढंच पायजे."

दिव्यानं पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं. हरकत नोंदवून घेतली.

पाहणीच्या दिवशी उंबराखाली जत्रा भरली. चऱ्होलीत फुकटचा तमाशा चुकवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ज्यांचा झाडाशी, भिंतीशी काही संबंध नव्हता तेही हातातली कामं टाकून आले. शालनबाई बुंध्याला पाठ लावून उभ्या होत्या आणि चिमाबाईंकडं बघायचंही टाळत होत्या. चिमाबाईंना ते लागलं. त्यांचं घर बांधून होईपर्यंत याच बाईनं स्वतःच्या विहिरीवरून पाणी दिलं होतं. पण बोलायची वेळ यायची होती.

दिव्यानं टेप काढून खोडाचा घेर मोजला, मागच्या खोलीत जाऊन तडा बघितला, फोटो काढले. मग सगळ्यांसमोर विचारलं, "झाड नक्की कोणाच्या हद्दीत आहे?"

"बांधावर आहे, मॅडम," कुलदीप पुढं झाला. "दोघांचं म्हणा ना. कॉमन. त्यामुळं त्यांनी अर्ज केला, आम्ही विरोध केला नाही. त्यांच्या घराला धोका आहे. शेजारधर्म म्हणून आम्ही गप्प बसलो."

"दोघांचं न्हाई," चिमाबाई म्हणाल्या.

त्यांनी बुंध्याकडं हात केला.

"आमी जागा घेतली तवा आबाजी इथंच उभं व्हतं. माझ्या मालकानं इचारलं, उंबराचं काय? आबाजी म्हणालं, झाड माझं, सावली तुमची. हाताच्या अंतरावर खुंटी ठोकली आन् तिथनं आमची हद्द धरली. खोड जाड झालं, मुळं इकडं आली, पर झाड काय चालत आलं न्हाई. ते हाय तिथंच हाय. त्यांच्यात."

"आजी, वडील काय बोलले त्याला आता पुरावा काय?" कुलदीप हसला. "तोंडी गोष्टी कशाला काढता? सही तुमची आहे ना अर्जावर?"

"हाय. कागद तू आणलास. पेन तू दिलंस. तुमी मानत न्हाई, तुमाला काय, असं तूच म्हणालास. मी खुळी, मी फुशारले. आन् मग भिंतीच्या पलीकडं तुझ्या आईला सांगितलंस, आपला हात न्हाई त्यात." चिमाबाईंचा आवाज चढला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "मी झाडाला देव मानत न्हाई. आजबी न्हाई, उद्याबी न्हाई. पर तुझं पाप उचलायला मी तुझ्या गावची येसकर न्हाई. तुला झाड नको, तर म्हण नको. हितं म्हण."

शालनबाई बुंध्यापासून सरकल्या आणि मुलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कागद तू नेला व्हतास?"

"आई, त्यांच्या भिंतीला..."

"मी भिंतीचं न्हाई इचारलं."

कुलदीपनं गाडीच्या किल्लीशी चाळा सुरू केला. लहानपणी खोटं पकडलं गेलं की तो सदऱ्याच्या गुंडीशी करायचा, तसाच. शालनबाईंना एवढं पुरलं. त्या दिव्याकडं वळल्या.

"मॅडम, चिमाबाई खरं बोलत्यात. आमचं मालक असंच म्हणालं व्हतं. झाड माझं, सावली तुमची. मी चहा घिऊन उभी व्हते हितं." त्या थांबल्या, मग चिमाबाईंकडं बघून म्हणाल्या, "मला तुमी सरळ येऊन सांगायचं व्हतं, बाई. मी तुमाला आठवडाभर शिव्या दिल्या."

"ऐकल्या मी," चिमाबाई म्हणाल्या. "भिंतीला तडा हाय."

गोजाबाई फिसकन हसल्या आणि लगेच पदर तोंडाशी नेला.

दिव्यानं कागदावर लिहून घेतलं. "मग हा अर्ज निकाली. झाड तुमच्या मालकीचं असेल तर तोडायचा अर्जही तुमच्याच नावानं यायला हवा, कुलदीपराव. हवा असेल तर आत्ता लिहून द्या. पुन्हा नोटीस लागेल, पुन्हा हरकती मागवू. अर्जदार म्हणून तुमचं नाव झाडावर येईल."

चिमाबाईंनी कमरेच्या पिशवीतून निळं पेन काढलं आणि कुलदीपसमोर धरलं.

"हे घ्या. तुमचंच हाय. त्या दिवशी विसरला व्हता."

कुलदीपनं पेनाकडं बघितलं, आईकडं बघितलं, मग जमलेल्या बायकांकडं. त्यातल्या निम्म्या त्याच्या भावकीतल्या होत्या. मागच्या प्लॉटचा डंपर त्या क्षणी फार लांब राहिला असावा. त्यानं पेन घेतलं आणि वरच्या खिशात ठेवलं.

"बघू नंतर," तो पुटपुटला.

"नंतर बघा. पर माझं आत्ता," चिमाबाई म्हणाल्या. त्यांनी मिनलकडून दुसरा कागद घेतला. रात्री सुनेनं सांगितलं होतं तसा त्यांनी तो स्वतःच्या हातानं लिहिला होता, वेड्यावाकड्या अक्षरांत, चार ठिकाणी खोडून. "बाई, हा माझा खरा अर्ज. झाड ऱ्हाऊ दे. माझ्या घरात आलेली मुळं तेवढी तुमच्या देखरेखीखाली छाटायची परवानगी द्या. आन् भिंत झाडाच्या मालकानं नीट करून द्यायची. न्हाई दिली तर मी कोर्टात जाईन. तिथंबी माझंच नाव असंल, पर या बारीला कागद माझा असंल."

दिव्यानं तो वाचला. "मुळांचं मी बघते. झाडाला इजा होणार नाही एवढीच छाटता येतील. भिंतीचं मात्र आमच्या हातात नाही, आजी. ते मालकानं कबूल करायला हवं."

सगळे पुन्हा कुलदीपकडं बघायला लागले. तो गाडीच्या दिशेनं दोन पावलं सरकला होता.

"थांब," शालनबाई म्हणाल्या. "सातबाऱ्यावर माझंबी नाव हाय. मालकीण मीबी हाय. भिंत आमी बांधून देणार, लिहा तिथं. मी सही करते." आणि मुलापुढं हात पसरला. "दे ते पेन."

"आई, घरी बोलू आपण..."

"दे म्हणते ना!"

कुलदीपनं खिशातलं पेन काढून आईच्या तळहातावर ठेवलं. टेकायला काही नव्हतं, म्हणून चिमाबाईंनी कागद उंबराच्या खोडावर धरला, अर्ध्या बोटानं वरचं टोक दाबून. शालनबाई वाकल्या आणि चिमाबाईंच्या नावाशेजारी आपलं नाव लिहायला लागल्या.